सांध्यापलीकडचा माणूस

इ. स. १९५९ साली प्रदर्शित झालेल्या ‘बेन-हर’ या चित्रपटातील रथांच्या शर्यतीत एक क्षण असा येतो की, ज्याने तो एकदा पाहिला त्याच्या स्मरणातून तो सहसा पुसला जात नाही. मोडून पडलेल्या रथांचा ढिगारा वाटेत आडवा आलेला, चार शुभ्र अश्व चौखूर उधळलेले, थांबण्यास अवकाश नाही आणि बाजूस वळण्यास जागा नाही, अशा स्थितीत नायकाचा रथ त्या ढिगाऱ्यावरून उसळी घेतो, सारथी पुढच्या कठड्यावरून उलटा होऊन घोड्यांच्या टापांकडे फेकला जातो, आणि आता याच्या देहाची काय गत होणार या विचाराने प्रेक्षकांचा श्वास कोंडतो न कोंडतो तोच तो कठड्याला बिलगून, हातापायांचे बळ एकवटून पुन्हा वर चढतो व निसटलेले लगाम हाती घेतो. शाळकरी वयात मुंबईच्या एका इंग्रजी चित्रपटगृहात वडिलांच्या शेजारी बसून मी हा प्रसंग प्रथम पाहिला, तेव्हा एरवी चारचौघांत कधी आवाज न चढवणाऱ्या माझ्या वडिलांच्या तोंडून त्या काळोखात ‘शाबास!’ असा उद्गार मोठ्याने निघाला. ती शाबासकी त्यांनी चार्ल्टन हेस्टन या नटाला दिली होती, आणि मीही मनोमन त्यालाच दिली होती. पुढे कित्येक वर्षांनी मला कळले की रथाबाहेर फेकला गेलेला तो देह हेस्टनचा नव्हताच. तो जो कनट नावाच्या एका तरुण स्टंटमनचा होता.

रथाची उसळी आधी ठरवलेली होती. ढिगाऱ्याआड चढण दडवलेली होती आणि तिच्यावरून झेप घेण्याचे शिक्षण घोड्यांना दिलेले होते. ठरलेले नव्हते ते सारथ्याचे उलटणे. जो कनट हनुवटीवरच्या एका जखमेनिशी त्यातून वाचला; चित्रण करणाऱ्यांनी तो अपघात टाकून न देता चित्रपटात घेतला, आणि रथात परत चढणाऱ्या हेस्टनचे जवळून टिपलेले चित्र त्याला जोडून दिले. पडला एक आणि उठला दुसरा. परंतु या दोन चित्रखंडांच्या मध्ये संकलकाच्या कात्रीने केलेला जो सांधा आहे, तो इतका बेमालूम आहे की पाहणाऱ्याला तो एकच माणूस वाटतो. हॉलीवूडच्या देमार चित्रपटांची सारी विद्या, सारा हुन्नर, सारी जोखीम, आणि मला तर वाटते सारे कारुण्यही, त्या एका सांध्यात साठवलेले आहे. प्रस्तुत ग्रंथ त्या सांध्याविषयी आणि त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाविषयी आहे.

‘पडद्यामागे’ हा शब्द आपण आज सहज वापरतो. आपल्या नाट्यपरंपरेने त्या जागेला ‘नेपथ्य’ असे नाव दिले, आणि त्या एकाच शब्दात रंगभूमीमागील जागा व नटाने धारण केलेला वेष असे दोन्ही अर्थ ठेवले. या शब्दयोजनेतील मर्म मला देमार चित्रपटांचा अभ्यास करताना नव्याने उमगले. कारण येथे नायक केवळ वस्त्रे पांघरत नाही, तो दुसऱ्या एका माणसाचा देहच वेष म्हणून पांघरतो. त्या देहाचा बांधा नायकासारखा हवा, केसांची ठेवण नायकासारखी हवी, पाठमोरा चालताना खांद्यांची हालचालही नायकासारखी हवी. फक्त त्याचा चेहरा दिसता कामा नये. ज्याचे काम जितके चोख, तितका तो अधिक अदृश्य, असा हा विलक्षण पेशा आहे. मारामारीच्या चित्रपटांसाठी गंभीर ग्रंथाचा खटाटोप कशाला, असे विचारणारे सद्गृहस्थ मला भेटले आहेत. त्यांना माझे उत्तर एवढेच की, ज्या कामात माणसे शंभर वर्षे आपली हाडे आणि प्रसंगी आपला जीव पणाला लावीत आली, आणि ज्या कामाने जगातील कोट्यवधी माणसांचे श्वास रोखून धरले, त्या कामाची शहानिशा कोणी तरी सावकाश बसून करणे हे निव्वळ कृतज्ञतेचे देणे आहे.

या कथेच्या प्रारंभी सांधा जवळजवळ नव्हता. मूकपटांच्या काळात बस्टर कीटनसारखा नट स्वतःच आपल्या देहाचा धनी होता. १९२८ सालच्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ या चित्रपटात वादळाने एका घराची संपूर्ण दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते, आणि माळ्याच्या उघड्या खिडकीची चौकट नेमकी त्याच्या भोवतीने उतरून तो जसाच्या तसा उभा राहतो. ती भिंत खरी होती, तिचे ओझे खरे होते, आणि खिडकीच्या कडा व त्याचे खांदे यांच्यात अंतर होते ते काही इंचांचे. उभे राहण्याची जागा मोजून मुकरर केलेली होती आणि तेथून तसूभरही न ढळणे एवढाच त्याचा अभिनय होता. त्याआधी १९२४ सालच्या ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये रेल्वेच्या टाकीतील पाण्याचा लोंढा अंगावर येऊन त्याच्या मानेचे हाड मोडले होते, आणि ही गोष्ट त्याला स्वतःला कळली ती बऱ्याच वर्षांनंतर, वैद्यकीय तपासणीत.

१९२३ सालच्या ‘सेफ्टी लास्ट’मध्ये उंच इमारतीच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा हॅरोल्ड लॉइड तर त्याआधीच, १९१९ साली, एका अपघाती स्फोटात उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गमावून बसलेला होता, आणि हातमोज्यात ते वैगुण्य झाकून तो चढत होता. पण त्याच चित्रपटात दुरून दिसणारी चढाई बिल स्ट्रॉदर या भिंती चढणाऱ्या कसबी माणसाची आहे, आणि लॉइडचे घड्याळ दुसऱ्या एका इमारतीच्या गच्चीवर, खालचा रस्ता कॅमेऱ्यात दिसेल अशा बेताने उभारलेले आहे. धाडस आणि आभास यांची गाठ मारण्याची कला तेव्हाच जन्माला आली होती. त्याच्याही काही वर्षे आधी हेलन गिबसन हिने ‘द हॅझर्ड्‌स ऑफ हेलन’ या चित्रमालिकेत धावत्या आगगाडीवर उड्या घेऊन हा पेशा केवळ पुरुषांचा नाही हे सिद्ध केले होते. तरीही पुढे कित्येक वर्षे नायिकेच्या जागी केसांचा टोप घातलेले पुरुष पडत राहिले, आणि स्टंट करणाऱ्या स्त्रियांना आपली स्वतंत्र संघटना उभारण्यास १९६७ साल उजाडावे लागले.

या पेशाला शास्त्राची शिस्त लावणारा पुरुष म्हणजे जो कनटचे वडील याकिमा कनट. १८९५ साली वॉशिंग्टन राज्यात जन्मलेला, रोडिओच्या रिंगणात माजलेल्या घोड्यांवर मांड ठोकून विजेतेपदे मिळवलेला हा गडी मूकपटांत नायकाची कामे करीत असे. परंतु चित्रपट बोलू लागले तेव्हा आजारपणाने बिघडलेला त्याचा आवाज साथ देईना, आणि पडद्यावर ज्याचा चेहरा होता तो पडद्यावर नुसता देह होऊन राहिला. जॉन फोर्डने दिग्दर्शित केलेल्या १९३९ सालच्या ‘स्टेजकोच’ या चित्रपटात धावत्या घोडागाडीच्या आघाडीच्या घोड्यांवर झेप घेणारा अपाची योद्धा कनट आहे. गोळी लागताच तो घोड्यांच्या मध्ये खाली सरकतो, काही काळ जमिनीवरून फरफटत जातो, मग हात सोडतो, आणि घोड्यांच्या दोन रांगा व त्यांच्यामागून सबंध गाडी त्याच्या देहावरून निघून जाते. पुढे नायक घोड्यांच्या पाठींवरून उड्या घेत आघाडीपर्यंत जातो, तोही कनटच, जॉन वेनच्या वेषात. म्हणजे एकाच पाठलागात आक्रमण करणारा आणि रक्षण करणारा असा दोन्ही बाजूंचा देह या एकाच माणसाने पुरवला, आणि प्रेक्षकांना त्याचा चेहरा मात्र माहीत झाला नाही.

कनटचे मोठेपण मला या उडीपेक्षाही त्याच्या हिशेबात दिसते. घोड्यावरून पडताना पाय रिकिबीत अडकून स्वार फरफटत जातो, म्हणून त्याने एका बाजूने उघडी असलेली रिकीब तयार केली. पडद्यावरच्या मारामारीत माणसे एकमेकांच्या खांद्यावर गुद्दे मारीत व ते खोटे दिसत, म्हणून त्याने आणि जॉन वेनने मिळून अशी रीत बसवली की, गुद्दा गालासमोरून नुसता निघून जावा, कॅमेरा खांद्यामागे अशा कोनात असावा की मधले अंतर दिसू नये, आणि मार खाणाऱ्याने नेमक्या क्षणी मान फिरवावी. आज जगातल्या कोणत्याही भाषेतील चित्रपटात जो ठोसा बसतो, तो या रीतीने बसतो. मार देणाऱ्याचे कौशल्य त्यात थोडे असते. तो ठोसा खरा करून दाखवतो तो मार घेणारा.

या पर्वाचा एक काळा अध्यायही झाकून ठेवता येत नाही. घोडा भरधाव असता कोसळलेला दाखवण्यासाठी त्याच्या पुढच्या पायांना तार बांधून ती जमिनीत रोवलेल्या खुंटाला अडकवण्याची रीत त्या काळी सर्रास होती. कनटनेही ती वापरली होती. १९३६ सालच्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’मध्ये अशा तारांनी घोडे मेले, १९३९ सालच्या ‘जेसी जेम्स’मध्ये कड्यावरून पाण्यात लोटलेला घोडा मेला, आणि त्यातून उठलेल्या लोकक्षोभामुळे १९४० पासून अमेरिकन ह्यूमेन असोसिएशनची देखरेख चित्रीकरणावर सुरू झाली. मऊ केलेल्या जमिनीवर लगामाच्या इशाऱ्यासरशी स्वतःहून आडवे पडणारे घोडे शिकवून तयार करण्याची विद्या त्यानंतर भरभराटीस आली. मुक्या जनावराचा करारनाम्यावर अंगठा नसतो. म्हणून त्याच्या वतीने करारात कोणी तरी उभे राहावे लागते, एवढा धडा या उद्योगाला फार मोल देऊन मिळाला.

आता ‘बेन-हर’च्या शर्यतीकडे परत येतो, कारण पूर्वतयारी म्हणजे काय हे समजण्यासाठी तिच्याइतके उत्तम उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. चित्रपटाचा दिग्दर्शक विल्यम वायलर. पण शर्यतीचे दिग्दर्शन त्याने अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कनट या दोघांच्या हवाली केले. रोमजवळच्या चिनेचित्ता या चित्रनगरीत सुमारे १८ एकरांवर प्राचीन रिंगण उभे राहिले. त्यात हजारो टन वाळू आणून पसरली गेली. आणि त्याच मापाची दुसरी धावपट्टी शेजारी आखली गेली, एवढ्यासाठी की मुख्य रिंगण बांधून होईपर्यंत घोड्यांचा आणि सारथ्यांचा सराव खोळंबू नये. ७० हून अधिक घोडे बाहेरून आणवले गेले आणि ग्लेन रँडल या अश्वशिक्षकाच्या स्वाधीन केले गेले. जे घोडे जन्मात कधी चौकडीने रथाला जुंपले गेले नव्हते त्यांना ती सवय लावणे, लाकडी रथाचा खडखडाट आणि गर्दीचा गलका कानांत मुरवणे, वळणावर आतला घोडा आखडता आणि बाहेरचा लांब टाकणारा असा मेळ बसवणे, या कामांना महिन्यांमागून महिने लागले. हेस्टनलाही आठवडेच्या आठवडे रथ हाकण्याचे शिक्षण घ्यावे लागले. त्यानेच पुढे सांगितलेली एक आठवण अशी की, आपण इतक्या रथांच्या गर्दीत कसे निभावणार अशी शंका त्याने काढली तेव्हा कनटने त्याला सांगितले, तू फक्त रथात टिकून राहा, शर्यत तूच जिंकशील याची हमी मी देतो.

पडद्यावर ही शर्यत सुमारे ९ मिनिटे चालते. तिच्या चित्रीकरणाला, तीन महिन्यांत विखुरलेले असे, सुमारे ५ आठवडे लागले. चाकाखाली चिरडलेली माणसे बाहुले होती; परंतु धावणारे रथ, घासणारी चाके आणि अंगावर उडणारी वाळू खरी होती. कॅमेऱ्याची गाडी घोड्यांच्या पुढे धावत असे, आणि घोडे तिला गाठू पाहत. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ज्याला आपण बेभानपणा समजतो त्यात बेभान असे काही नसते. कोणत्या फेरीत कोणता रथ कोठे मोडेल, कोणता सारथी कोणत्या हाताने पडेल, या सर्वांचे टाचण आधी तयार असते, आणि जमाखर्चाच्या वहीसारखी प्रत्येक जोखमीपुढे तिची तरतूद मांडलेली असते. हिशेबाबाहेर राहिला तो एक क्षण, आणि त्या क्षणी सापडला तो कनटचा स्वतःचा मुलगा. वडिलांनी आखलेल्या उडीत मुलगा उलटलेला पाहणाऱ्या त्या बापाच्या मनात काय झाले असेल, ते चित्रफितीवर नाही. चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाली; या कामगिरीसाठी त्यांत रकानाच नव्हता.

पुढे घोड्यांची जागा मोटारींनी घेतली. १९६३ सालच्या ‘द ग्रेट एस्केप’मधली, काटेरी तारांच्या कुंपणावरून घेतलेली मोटारसायकलची उडी स्टीव्ह मॅक्वीनच्या नावावर जगभर गाजली; प्रत्यक्षात ती त्याचा मित्र बड एकिन्स याची होती, आणि मॅक्वीनने हे कधी दडवले नाही. ‘बुलिट’ या १९६८ सालच्या चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांच्या रस्त्यांवर जवळजवळ ११ मिनिटे दोन मोटारींचा पाठलाग चालतो. काळी डॉज चार्जर बिल हिकमन हाकतो, हिरवी मस्टँग काही प्रसंगी मॅक्वीन आणि अधिक कठीण प्रसंगी एकिन्स व त्याचे सहकारी. पाठलाग सुरू होताच पार्श्वसंगीत बंद पडते व इंजिनांची गुरगुर आणि टायरांचा आक्रोश तेवढा उरतो. संकलक फ्रँक केलर याला त्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले, आणि ते योग्यच होते. कारण निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या रस्त्यांवर, निरनिराळ्या हातांनी हाकलेली गाडी एकाच माणसाच्या एकाच संतापाने धावते आहे असे वाटायला लावणे, हे काम संकलनाचे असते. तीच गोष्ट ध्वनीची. हाड मोडल्याचा, दगड गडगडल्याचा, चामडे फाटल्याचा आवाज प्रसंगाच्या जागी क्वचितच सापडतो. युनिव्हर्सल स्टुडिओतील जॅक फोली याने पडद्याकडे पाहत पाहत असे आवाज करण्याची जी रीत रूढ केली, ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. १९८१ सालच्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मध्ये नायकाच्या मागे लागलेल्या त्या प्रचंड शिळेचा गडगडाट बेन बर्ट या ध्वनिरचनाकाराने खडीवरून उतरणाऱ्या एका छोट्या मोटारीच्या चाकांतून मिळवला होता.

याच ‘रेडर्स’मध्ये नायक धावत्या मालमोटारीच्या पुढून खाली घसरतो, तिच्या पोटाखालून मागे जातो आणि मागच्या बाजूने पुन्हा वर चढतो. टेरी लेनर्ड या स्टंटमनने केलेले हे कृत्य म्हणजे कनटच्या १९३९ च्या उडीला ४२ वर्षांनी वाहिलेली आदरांजली होती. त्यासाठी रस्त्याच्या मधोमध चर खणून देह आणि गाडीचे पोट यांच्यात अंतर काढले होते. आपल्याकडे गायकीत जशी घराण्याची चीज गुरूकडून शिष्याकडे येते, तशी ही विद्या येत गेली, आणि प्रत्येक पिढीने तिच्यात आपली एक जागा घातली. हॅल नीडहॅम याने मोटारीत तोफेसारखी नळी बसवून स्फोटाच्या धक्क्याने गाडी हवेत कोलांटवण्याची युक्ती १९७४ सालच्या ‘मॅकक्यू’मध्ये वापरली, आणि उंचावरून पडणाऱ्यासाठी हवेच्या प्रचंड गाद्यांचा वापर रूढ करण्यात पुढाकार घेतला. डार रॉबिन्सन याने बारीक पोलादी तारेच्या आधारे वेग आवरीत खाली येण्याचे यंत्र सिद्ध केले, त्यामुळे कॅमेऱ्याला वरून सरळ खाली पाहता येऊ लागले. वरून पाहिल्यास गादी दिसते, तार दिसत नाही.

या विद्येची मूलाक्षरे मात्र साधी आहेत. उंचावरून पडणारा गादीवर पाठीवर उतरतो, कारण पोटावर उतरला तर कणा उलट्या दिशेने वाकतो. गादीच्या बाजूंना ठेवलेल्या झडपांतून हवा हळूहळू निघून जाते आणि पडण्याचा वेग तिच्याबरोबर निघून जातो. कमी उंचीसाठी आजही पुठ्ठ्याची रिकामी खोकी रचतात. खोके चेपते म्हणून माणूस चेपत नाही. अंगाला आग लावून घेणारा थंडगार जेल आणि न जळणाऱ्या कापडाचे थर यांच्या आत असतो, आणि त्याचा सर्वांत मोठा शत्रू ज्वाळा नसून स्वतःचा श्वास असतो, कारण ज्वाळा छातीत ओढली गेली तर कोणताही थर उपयोगी पडत नाही. म्हणून तो श्वास रोखून धरतो, आणि सोसवेनासे झाले की जमिनीवर आडवा होतो. ती खूण ठरलेली असते. ती खूण पाहण्यासाठी विझवण्याची साधने हाती घेऊन जे सहकारी चौकटीबाहेर उभे असतात, त्यांच्या डोळ्यांवर त्याचा जीव अवलंबून असतो. आमच्या आखाड्यांत वस्ताद नव्या पोराला डाव शिकवण्याआधी पडायला शिकवतात; हॉलीवूडच्या या आखाड्यातही पहिला धडा तोच आहे.

हिशेब चुकला म्हणजे काय होते, हेही या ग्रंथात सविस्तर आले आहे, आणि ती प्रकरणे लिहिताना माझा हात जड झाला. २३ जुलै १९८२ रोजी कॅलिफोर्नियात ‘ट्वायलाइट झोन: द मूव्ही’च्या चित्रीकरणात स्फोटांच्या माऱ्यात सापडून एक हेलिकॉप्टर कोसळले व नट व्हिक मॉरो आणि दोन लहान बालके जागीच ठार झाली, ती बालके रात्रीच्या त्या वेळी कायद्याने तेथे असायलाच नको होती. दिग्दर्शकासह ५ जणांवर चाललेला खटला १९८७ साली त्यांच्या निर्दोष सुटकेने संपला. परंतु त्या रात्रीनंतर सुरक्षेचे नियम लेखी आणि अधिक काटेकोर झाले. ३१ मार्च १९९३ रोजी ‘द क्रो’च्या चित्रीकरणात ब्रँडन ली हा तरुण नट पिस्तुलाच्या नळीत अडकून राहिलेल्या गोळीच्या टोकाने मरण पावला, खोट्या काडतुसाच्या दाबाने ते टोक खऱ्या गोळीसारखे सुटले होते. आणि २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या तालमीत हॅलिना हचिन्स ही छायाचित्रणकार खऱ्या गोळीने गेली. या तिन्ही प्रसंगांत मरण आले ते मोठ्या धाडसाने आले नाही. खबरदारीचा एक टप्पा कोणी तरी गाळला, म्हणून आले. घाई आणि काटकसर यांच्याइतके निर्दय खलनायक कोणत्याही देमार चित्रपटाने पडद्यावर दाखवलेले नाहीत.

‘द क्रो’ पुरा करण्यासाठी ब्रँडन लीच्या जागी त्याचा मित्र चॅड स्टाहेल्स्की उभा राहिला, आणि काही दृश्यांत लीचा चेहरा संगणकाच्या साहाय्याने त्याच्या देहावर बसवला गेला. देह जिवंत मित्राचा आणि चेहरा मृत मित्राचा, असा तो सांधा. पुढे १९९९ सालच्या ‘द मेट्रिक्स’मध्ये हाच स्टाहेल्स्की कियानू रीव्हजचा डुप्लिकेट होता. त्या चित्रपटाने हाँगकाँगचे मारामारीचे रचनाकार युएन वू-पिंग यांना आणून नटांकडूनच महिनोन्‌महिने कवायत करून घेतली, तारांवर झुलवलेले देह संगणकाने तारा पुसून मोकळे केले, आणि नायकाच्या भोवती मांडलेल्या शंभराहून अधिक स्थिरचित्र कॅमेऱ्यांच्या आधारे काळच जणू थांबवून दाखवला. २०१४ साली ‘जॉन विक’चे दिग्दर्शन करण्यासाठी स्टाहेल्स्की कॅमेऱ्यामागे आला, तेव्हा त्याचा नायक पुन्हा कियानू रीव्हजच होता. ज्याने दुसऱ्याचा देह होऊन वर्षे काढली, त्याला देहाची भाषा नटापेक्षाही अधिक येते, आणि म्हणून त्या चित्रपटात कॅमेरा मागे सरून उभा राहतो, कात्री कमी चालते, आणि माणूस पूर्ण दिसतो. उलट बाजूने टॉम क्रूझसारखा नट सांधाच नाकारू पाहतो: २०११ सालच्या ‘मिशन: इम्पॉसिबल’च्या चौथ्या भागात ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफाच्या काचेवर तो स्वतः चढला, आधाराचे दोर पुसण्याचे काम संगणकाने केले, दोर बांधण्याचे मात्र माणसांनीच. २०१७ साली याच मालिकेच्या पुढच्या एका भागासाठी लंडनमध्ये गच्चीवरून गच्चीवर उडी घेताना त्याचा घोटा मोडला आणि तोच चित्रखंड चित्रपटात राहिला. जो कनटच्या अपघाताचे हे पुन्हा घडणे पाहून मी चकित झालो. फरक एवढाच की, या वेळी पडणारा आणि उठणारा एकच होता, आणि त्याचे नाव जगाला आधीपासून ठाऊक होते.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. डग्लस फेअरबँक्सच्या चित्रपटांवर लुब्ध झालेल्या वाडिया बंधूंनी परळच्या आपल्या कारखान्यात जे स्टंटपट काढले, त्यांतील १९३५ सालच्या ‘हंटरवाली’ची नादिया आपली साहसे स्वतः करीत असे, आणि १९४२ साली तीच वास्तू व्ही. शांतारामांच्या हाती येऊन ‘राजकमल’ झाली. गिरणगावातल्या ज्या प्रेक्षकांनी नादियाला शिट्या मारल्या, त्यांना हॉलीवूडच्या या विद्येची पहिली ओळख अशी मराठमोळ्या वस्तीतच झाली होती.

गौरवाचा हिशेब मात्र फार उशिरा मांडला गेला. स्टंटमंडळींची संघटना १९६१ साली उभी राहिली. याकिमा कनटला १९६७ सालच्या समारंभात विशेष ऑस्कर मिळाले, आणि त्यात त्याच्या उड्यांइतकाच त्याने शोधलेल्या सुरक्षासाधनांचा उल्लेख होता, हे मला फार मोलाचे वाटते. त्यानंतर हॅल नीडहॅमला तसाच मान मिळेपर्यंत, म्हणजे २०१२ पर्यंत, जवळजवळ अर्धे शतक गेले. अखेर एप्रिल २०२५ मध्ये अकादमीने जाहीर केले की, २०२७ साली प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंटरचनेसाठी स्वतंत्र ऑस्कर दिले जाईल. तो पहिला सन्मान अकादमीच्या शंभराव्या सोहळ्यात द्यावयाचा आहे. नव्याण्णव सोहळे ज्यांना अंधारात बसवून झाले, त्यांच्यासाठी शंभरावा दिवा लागतो आहे.

पुढील प्रकरणांत काळाचा क्रम धरला आहे, पण प्रत्येक प्रकरण एका कृतीभोवती गुंफले आहे: पडणे, धावणे, जळणे, बुडणे, उडणे. वाचकाने ती वाचताना आपल्या आवडीचा एखादा प्रसंग मनाशी पुन्हा पाहावा आणि सांधा शोधावा, अशी माझी विनंती आहे. सांधा सापडल्याने रस कमी होतो असा माझा अनुभव नाही. ‘बेन-हर’ मी त्यानंतर अनेकदा पाहिला. रथ उसळतो त्या क्षणी माझा श्वास आजही अडकतो, किंबहुना अधिक अडकतो, कारण आता त्या कठड्यावरून फेकला जाणारा माणूस कोण हे मला माहीत आहे आणि त्याचा बाप काही अंतरावर उभा आहे हेही माहीत आहे.

माझे वडील जाऊन आता बरीच वर्षे झाली. खरे नाव त्यांना सांगायचे माझ्याकडून राहून गेले. त्या काळोखात त्यांनी दिलेली शाबासकी एका माणसाच्या नावे निघाली आणि इतकी वर्षे दुसऱ्याच्या दारी पडून राहिली. ती आज, त्यांच्या वतीने, मी जो कनटच्या स्वाधीन करतो.